विज्ञान न घेणाऱ्यांना विज्ञानातलं नेमकं काय शिकवायचं?

काठावरचा:
शाळा सुटली की ज्यांचा विज्ञानाशी संबंध संपतो, त्यांच्या माथी सूत्रं मारणं थांबवावं असं माझं स्पष्ट मत आहे. क्रिस्पर या जनुकं बदलायच्या तंत्राने डीएनए हवा तिथे कापता येतो हे २०१२ साली दाखवलं गेलं आणि २०२३ संपायच्या आत त्यावर बेतलेल्या सिकलसेलच्या उपचाराला मान्यताही मिळाली. या वेगाशी पाठ्यपुस्तक धावणार कसं? त्यापेक्षा न बदलणारी गोष्ट शिकवा: अनिश्चिततेचा हिशोब.

समजा, एक रोग हजारात एकाला होतो. तपासणी ९९ टक्के अचूक आहे, रोग्यांच्या बाबतीतही आणि निरोग्यांच्याही. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर रोग असण्याची शक्यता किती? ९९ टक्के वाटते ना? आता १ लाख माणसं तपासा. रोगी १००, त्यातले ९९ सापडतील. निरोगी ९९,९००, त्यातल्या ९९९ जणांना उगाच पॉझिटिव्ह ठरवलं जाईल. म्हणजे १,०९८ पॉझिटिव्हांत खरे रोगी ९९. जेमतेम ९ टक्के! त्रैराशिक येणाऱ्या कुणालाही हे जमेल.

बिनकामाचा:
एवढा खटाटोप कशाला? फ्रिज वापरायला उष्मागतिकी लागत नाही. तज्ज्ञ सांगतील ते ऐकावं.

काठावरचा:
दोन तज्ज्ञ दोन गोष्टी सांगतात तेव्हा कुणाचं ऐकता?

आडवा प्रश्न:
मूळ धाग्याशी असहमत. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये लोकांनी मोबाइलचे टॉवर जाळले, कारण काय, तर ५जी लहरींमुळे कोरोना पसरतो म्हणे. त्या लोकांना हिशोब येत नव्हता असं नाही. रेडिओलहरींची ऊर्जा साध्या दिव्याच्या उजेडापेक्षाही कमी असते, रेणूंचे बंध तोडायची तिच्यात ताकद नाही, हे ठाऊक नव्हतं. (इथे मी एका कणाची, म्हणजे फोटॉनची ऊर्जा म्हणतोय, टॉवरची एकूण शक्ती वेगळी.) या लहरींचं गणित मांडणारी मॅक्सवेल या शास्त्रज्ञाची समीकरणं १८६० च्या दशकातली आहेत. तंत्र दर दहा वर्षांनी बदलतं, त्याखालचं विज्ञान तेच राहतं. तेही शिकवू नका म्हणता?

खडूची धूळ:
बारा वर्षं विज्ञान न घेतलेल्या मुलांना शिकवतोय. हेच ९९ टक्क्यांचं कोडं फळ्यावर सोडवलं, वर्ग जाम खूश. आठवड्याने एक जण विचारतो, “म्हणजे सर, रिपोर्ट खोटेच असतात ना?” मी गार. नुसती शंका घ्यायला शिकवलं की असं होतं.

काठावरचा:
ही माझ्या हिशोबाची नाही, अर्धवट सोडलेल्या हिशोबाची चूक आहे. तो हजारात एक आकडा सरसकट तपासणीसाठी आहे. लक्षणं असलेल्यांमध्ये दहात एक रोगी असेल, तर तोच रिपोर्ट जवळपास ९२ टक्के खरा ठरतो. मुलाला हा दुसरा भागही दाखवायला हवा होता.

आडवा प्रश्न:
कबूल. पण लक्षणं कोणती धरायची आणि दहात एक कुठून आणायचं, हे त्रैराशिक सांगतं का?

काठावरचा:
नाही. तिथे रोगाची माहितीच लागते.

खडूची धूळ:
मग आता सांगा, उद्याच्या तासाला आधी काय घेऊ? तास पस्तीस मिनिटांचा आहे.