मदत हवी आहे: नांदेड स्टेशनजवळच्या आजींसाठी निवारा

ताई-दादांनो नमस्कार, नांदेडात बेघर लोकांसाठी कुणी काम करत असेल तर प्लीज सांगा. रेल्वे स्टेशनबाहेर सत्तरीच्या एक आजी बऱ्याच दिवसांपासून राहतायत, जेवणाचं अडत नाही कारण सचखंड गुरुद्वाऱ्याचा लंगर आहे, तिथं कुणी विचारत नाही की तू कोण कुठला, पण रात्रीचं लई अवघड आहे. खताच्या पोत्यावर झोपतात, पिशवी पोटाशी धरून, पायाला जखम आहे आणि तिच्यावर नुसती चिंधी बांधलीय. मराठी थोडं कळतं पण बोलतात तेलुगू, गावाचं नाव काही नीट कळंना.

एका निवाऱ्यावर फोन केला तर आधार कार्ड घेऊन या म्हणले. आता रस्त्यावर राहणाऱ्या माणसाकडं कुठलं आधार? केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात (शहरी गरिबांसाठीची योजना, 2024 पर्यंत होती) शहराच्या एक लाख लोकसंख्येमागं किमान 100 जणांचा निवारा पाहिजे असा नियम होता, तोही 24 तास, बारा महिने. मग कार्ड नसलं तर कुणाचं पत्र चालतं, पोलीस ठाण्याचं का महापालिकेचं? बायांसाठी वेगळी सोय कुठं आहे? ज्येष्ठांच्या 14567 हेल्पलाइनचा कुणाला अनुभव आहे का, माणूस खरंच येतो का?

आणि देगलूर-धर्माबादकडचं तेलुगू बोलणारं कुणी असेल तर संध्याकाळी दहा मिनिटं स्टेशनवर या, निदान घरचं कोण आहे ते तरी कळंल. फोटो मागू नका, आजींना विचारल्याशिवाय टाकणार नाही. पैसे नकोत, फक्त पायाची ड्रेसिंग करणारं कुणी आणि वरची माहिती पाहिजे.