एसीएल शस्त्रक्रियेला दहा आठवडे झाले. व्यायामात खंड पडतो आहे, सातत्य कसे टिकवावे?

प्रश्न

माझे वय 34 असून मी सांगली जिल्ह्यातील एका गावात शिक्षक आहे. जत्रेतल्या कबड्डीच्या सामन्यात चढाई करताना पाय मातीत रुतला, अंग वळले आणि डाव्या गुडघ्याचा एसीएल हा आतला अस्थिबंध पूर्ण तुटला. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली आणि मांडीच्या मागच्या बाजूची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) घेऊन तिचा नवा अस्थिबंध बसवला गेला. पहिले सहा आठवडे मी दिवसातून तीन वेळा न चुकता व्यायाम केला. पुढे कुबड्या सुटल्या, सूज उतरली, शाळा सुरू झाली आणि व्यायाम मागे पडला. फिजिओथेरपिस्टचा दवाखाना 25 किलोमीटरवर असल्याने तिकडे जाणेही थांबले आहे. दुसऱ्या आठवड्यात मिळालेल्या कागदावरचे चार व्यायाम अजून करतो, पण आठवड्यातून दोन दिवसही नीट होत नाहीत. दुखत नाही आणि चालता येते, त्यामुळे घरचेही म्हणतात की आता कशाला त्रास घेतोस. पाय लांब करून बसलो की डाव्या गुडघ्याखाली दोन बोटे सरकतात, उजव्याखाली सरकत नाहीत. सातत्य कसे ठेवावे आणि जेवायला मांडी घालून बसावे का, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आपला प्रश्न वाचून सर्वांत आधी त्या दोन बोटांची काळजी वाटली. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर मांडीचा पुढचा स्नायू शेवटपर्यंत आवळला जात नाही, चाल बदलते आणि काही वेळा सांध्याच्या पुढच्या भागात वण धरून तो अडथळा कायमचा होऊ शकतो. म्हणून याच आठवड्यात आपल्या शल्यचिकित्सकांना दाखवून घ्यावे. तोवर टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, गुडघा अधांतरी सोडून पाच-दहा मिनिटे पाय सैल ठेवणे दिवसातून तीन-चार वेळा करावे.

दुखत नाही म्हणजे बरे झाले, हा समज या शस्त्रक्रियेच्या बाबतीत फार फसवा आहे. बसवलेल्या कंडरेला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिच्यातील जुन्या पेशी मरतात, हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि मग ती अस्थिबंधासारखी घडू लागते. या घडणीत साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती बरीच कमकुवत असते, आणि नेमक्या त्याच काळात दुखणे थांबल्यामुळे रुग्ण निर्धास्त होतो. शिवाय गुडघ्यात सूज असताना मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जासंस्थेकडून मिळणारा आदेशच दाबला जातो. सूज उतरली तरी गेलेली ताकद आपोआप परत येत नाही, ती भार देऊन परत मिळवावी लागते.

आपले मन लागत नाही याचे एक कारण मला त्या कागदात दिसते. दुसऱ्या आठवड्याचे व्यायाम दहाव्या आठवड्यात करत राहिल्यास काहीच बदलताना दिसत नाही, आणि जे बदलत नाही त्याचा कंटाळा येणारच. यात आपल्या आळसाचा दोष मला वाटत नाही. महिन्यातून एकदा तरी दवाखान्यात जाऊन नवा टप्पा लिहून घ्यावा आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉलवर तपासून घ्यावे. आता अर्धी बैठक, पायरीवर चढ-उतार, स्थिर सायकल अशा भाराच्या व्यायामांचा टप्पा असतो. ते रोज करण्याची गरज नसते. एक दिवस आड, आठवड्यातून तीन वेळा पुरतात. नोकरी करणाऱ्या माणसाला तीन ठरलेले दिवस पाळणे रोजच्या तीन वेळांपेक्षा खूप सोपे जाते.

उत्तर २

मी पुण्यात राहते. तिसऱ्या महिन्यात मीही हेच केले होते. सपाट रस्त्यावर काही जाणवत नसे, पण जिना उतरताना गुडघा मधेच सुटल्यासारखा होई. तपासणीत शिवणकामाच्या टेपने गुडघ्याच्या वाटीपासून 15 सेंटीमीटर वर मांडीचा घेर मोजला, तो दुसऱ्या पायापेक्षा 3 सेंटीमीटर कमी भरला. तो आकडा पाहिल्यावर मला कुणी समजावण्याची गरज उरली नाही. तेव्हापासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे दिवस ठरवले, सकाळी कुकर लावला की व्यायाम सुरू करायचा असे ठरवले आणि दिनदर्शिकेवर त्या तारखेखाली किती बैठका झाल्या ते लिहीत गेले. घेर दर पंधरा दिवसांनी मोजावा, रोज मोजल्यास निराशा पदरी येते. चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट करून करू नये. मी तशी केली आणि गुडघा पुन्हा सुजला.

उत्तर ३

मी कबड्डीच्या मुलांना शिकवतो. शिक्षकांना पुन्हा मैदानात उतरायचे असेल तर घाई करू नये, एवढे कळकळीने सांगतो. नॉर्वेत झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, तितका प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण 51 टक्क्यांनी कमी झाले. नऊ महिने झाले म्हणून लगेच चढाई करावी असेही नाही. एका पायावरची उडी आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के भरली पाहिजे. ऋषभ पंत यांचा अपघात 30 डिसेंबर 2022 रोजी झाला आणि ते मार्च 2024 मध्ये आयपीएलमध्ये परतले. त्यांची दुखापत आपल्यापेक्षा मोठी होती, पण दिवसभर तज्ज्ञ सोबत असणाऱ्या खेळाडूलाही चौदा महिन्यांहून अधिक काळ लागला, हे आपल्या घरच्यांना जरूर सांगावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. आज घेर मोजला, डावी मांडी अडीच सेंटीमीटर कमी आहे. गुरुवारी शल्यचिकित्सकांची वेळ घेतली आहे आणि परतताना फिजिओथेरपिस्टकडून नवे व्यायाम लिहून घेणार आहे. मांडी घालण्याबद्दल मात्र उत्तर मिळाले नाही.

उत्तर १

ते राहून गेले, क्षमस्व. एसीएलसोबत गुडघ्यातील गादीलाही (मेनिस्कस) टाके घातले असतील तर मांडी घालणे आणि उकिडवे बसणे काही महिने पूर्ण टाळावे लागते, म्हणून डिस्चार्ज कार्डावर मेनिस्कसचा उल्लेख आहे का ते गुरुवारी विचारून घ्यावे. परवानगी मिळेपर्यंत जेवायला खुर्चीवर बसावे.