सीजे-३बी: हरिकेन पेट्रोल ठेवावं की डिझेल बसवावं? अ‍ॅव्हरेज ६.५

भोरची_धूळ
नमस्कार मंडळी. महिंद्रा सीजे-३बी जीप, शॉर्ट चेसिस, १९७२ चं पासिंग. मूळ हरिकेन एफ-हेड पेट्रोल (२१९९ सीसी), टी-९० तीन गिअरचा बॉक्स, स्पायसर १८ ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा बॉक्स), पुढच्या-मागच्या दोन्ही हौसिंगला ५.३८ चे क्राऊन-पिनियन (म्हणजे शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा). टायर ६.००-१६, हब साधे, म्हणजे लॉकिंग नाहीत. टाकी फुल ते फुल मोजून तीन वेळा लिटरला ६.२ ते ६.७ किमीच्या मध्येच येतंय. वापर वर्षाला साधारण २५०० किमी: वरंधा, मुळशी, अधूनमधून कोल्हापूर.

प्रश्न तीन:
१) या इंजिनाचं चांगल्या स्थितीतलं अ‍ॅव्हरेज किती धरायचं?
२) डिझेल घालायचं तर प्यूजो एक्सडीपी, महिंद्राचं डीआय, की मॅटाडोरचं ओएम ६१६?
३) आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) च मिळतं. त्याचा या कार्बला (कार्बुरेटरला) त्रास आहे का?

गॅरेजवाले सगळे एका सुरात ‘डीआय टाका’ म्हणतात.

टॅपेट_कव्हर
६.५ हे आजारी इंजिनाचं अ‍ॅव्हरेज आहे. ठणठणीत एफ-हेड ५५-६० च्या चालीने हायवेला ९ च्या आसपास देतं, घाटात आणि गावात ७-७.५. त्यापुढे इंजिनाचा दोष नाही. काँप्रेशन रेशो फक्त ६.९ आणि समोर काचेची उभी भिंत. ७० च्या पुढे तुम्ही पेट्रोल वाऱ्याशी भांडण्यातच जाळता.

डिझेलचा विचार करण्याआधी पुढचं सगळं तपासा, आणि याच क्रमाने. कार्ब सगळ्यात शेवटी. आपल्याकडे उलटं होतं, पहिला स्क्रू-ड्रायव्हर कार्बवरच जातो.

आधी गाडी मोकळी फिरते का पाहा. चारही चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवा. ९ इंची ड्रमचे ब्रेक या गाडीत हमखास धरून बसतात: व्हील सिलिंडर गंजलेला, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला मोकळा खेळच नाही. दहा किमी चालवून ड्रमला हात लावा. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा गरम लागला की तिथे पेट्रोल जातंय. टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूने किंचित आत वळलेली असणं) १.५ ते २ मिमी, हवा २६-२८ पीएसआय.

मग काँप्रेशन. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. १२० ते १३० पीएसआय यायला हवं आणि दोन सिलिंडरांत १० पेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

आता टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायचा गॅप. एफ-हेडमध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. एक्झॉस्टचे चार टॅपेट लावायला बाजूचं कव्हर काढावं लागतं, हात जेमतेम जातो, म्हणून बहुतेक मेकॅनिक वरचे चार लावतात आणि ‘झालं’ म्हणतात. खालचे चार वर्षानुवर्षं तसेच. सीट झिजत जाते तसा तिथला गॅप कमी होतो, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कडा जळते, आणि काँप्रेशन गेलं की अ‍ॅव्हरेज गेलं. इंजिन थंड असताना इनटेक १८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट १६ थाऊ. कव्हरचं गॅस्केट नवं आणून ठेवूनच काम सुरू करा.

इग्निशन: पॉइंट २० थाऊ, प्लग ३० थाऊ, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) ५ अंश आधी, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स नाही, सगळा भार आतल्या वजनांवर आणि दोन स्प्रिंगांवर. टायमिंग लाइट लावून रेस द्या. खूण पुढे सरकली पाहिजे आणि सोडल्यावर परत जागेवर आली पाहिजे. गंजून अडकली असेल तर आयडलला गाडी गोड वाटेल, पण रस्त्यावर मरगळलेली, आणि तुम्ही पाय दाबत राहाल. रोटर काढून शाफ्टवरच्या फेल्टला दोन थेंब तेल, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.

थर्मोस्टॅट आहे का बघा. ‘गाडी तापते’ म्हणून तो काढून फेकलेला असण्याची शक्यता फार मोठी. मग इंजिन ८० अंशांवर पोचतच नाही, पेट्रोलचं नीट बाष्प होत नाही, चोक जास्त वेळ ओढला जातो. तापण्याचं खरं कारण रेडिएटरमधला गाळ असतं.

पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल असतं तिथे) उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल तर गाडी चालू करू नका; आधी पंप, मग ऑइल बदल. तुमचा पंप वायपरच्या व्हॅक्यूमवाला दोनमजली असेल तर व्हॅक्यूमचा डायफ्रॅमही तपासा, तो गेला की इंजिन तिथून खोटी हवा ओढतं.

शेवटी व्हॅक्यूम गेज. समुद्रसपाटीला आयडलवर १७ ते २० इंच आणि काटा स्थिर. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करा, म्हणजे पुण्यात १५ ते १८ ला चांगलं म्हणायचं. काटा ठरावीक तालात टुकटुक खाली पडत असेल तर एक व्हॉल्व्ह जळलाय. सगळं ठीक असून आकडा कमी आणि स्थिर असेल तर टायमिंग मागे आहे किंवा कुठून तरी हवा शिरतेय. क्रँककेस व्हेंटिलेशनचा छोटा व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असेल तरी हेच दिसतं.

एवढं झालं की कार्बला हात लावा.

डीआय_प्रेमी
वरचं सगळं मान्य, पण एवढा खटाटोप करून ९. डीआय साधं लावलं तरी १२ देतं. दोन नंबरच्या प्रश्नाबद्दल:

एक्सडीपी: २११२ सीसी, ६२ एचपी, महिंद्राच्या एमएम ५४० जीपमधलं. इनडायरेक्ट इंजेक्शन, फेरे मोकळे घेतं, आवाज त्यातल्या त्यात सुसह्य. पण ग्लो प्लग लागतात, आणि पाणी कमी होऊन एकदा तापलं की हेडवर येतं. अ‍ॅव्हरेज १० ते ११. हरिकेनपेक्षा ताकद वाढेल ही अपेक्षा नको, ते स्वतः ७० च्या वर एचपीचं आहे.

डीआय: २५२३ सीसी, बोअर-स्ट्रोक ८८.९ गुणिले १०१.६. हे मुळात इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या कुळातलं, त्यामुळे खालून ओढतं आणि पार्ट तालुक्याच्या दुकानातही मिळतात. थंडीत ग्लो प्लगशिवाय सुरू होतं. अ‍ॅव्हरेज १२-१३.

ओएम ६१६: २३९९ सीसी, मर्सिडीजच्या परवान्यावर बजाज टेम्पोने बनवलेलं. तिघांत सगळ्यात गुळगुळीत. पण जीपच्या बॉक्सला जोडायला अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते, आणि ती प्लेट कुणी लेथवर कशी बनवली यावर सगळं अवलंबून. क्रँक आणि बॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत नसतील तर पायलट बेअरिंग आणि क्लच प्लेट दर काही महिन्यांनी खाल.

माझं मत डीआय.

हौसिंग४४
डीआय_प्रेमी, एक गोष्ट राहिली, आणि पैसे वाया जातात ते नेमके तिच्यामुळे. त्यांच्या हौसिंगला ५.३८ आहे.

हिशेब करू. ६.००-१६ टायर एका फेऱ्यात साधारण २.२५ मीटर जातो. ताशी ८० म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, म्हणजे चाकाचे ५९२ फेरे. टॉप गिअर सरळ १:१, म्हणून गुणिले ५.३८: इंजिनाचे ३१९० फेरे. आणि डीआय इंजिनाच्या नावातच ३२०० आहे, तीच त्याची हद्द. म्हणजे ८० ला तुम्ही गव्हर्नरवर (फेरे रोखणाऱ्या यंत्रणेवर) टेकलेले. आवाज, थरथर, आणि जे १२-१३ ऐकून इंजिन घेतलं ते मिळणार नाही, कारण ते आकडे वेगळ्या रेशोच्या गाड्यांचे आहेत.

तोच ८० चा वेग ४.८८ वर २८९० फेरे, ४.२७ वर २५३०. इंजिन बदलणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं हौसिंगमध्ये किंवा गिअर बॉक्समध्ये.

रेशो बदलायचा तर:

क्राऊन-पिनियन पुढे आणि मागे दोन्हीकडे एकाच रेशोचे हवेत. दात मोजा: ४३/८ म्हणजे ५.३८, ३९/८ म्हणजे ४.८८, ४७/११ म्हणजे ४.२७. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ ठेवून फोर बाय फोर टाकलं तर दोन शाफ्ट एकमेकांशी झगडतात. चिखलात चाक घसरून निभावतं, कोरड्या खडकावर ट्रान्सफर केस किंवा जॉइंट क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला तुकडा) तुटतो.

स्पायसर १८ चा मागचा शाफ्ट उजवीकडून निघतो, म्हणून डिफचा (डिफरेन्शियलचा) गोळा उजवीकडे असलेलंच हौसिंग चालतं. मध्यावर गोळा असलेलं स्वस्तात मिळालं म्हणून बसवू नका, शाफ्ट तिरका जाऊन क्रॉस खातो.

४.२७ ची किंमत चढावर मोजावी लागते. टी-९० चा पहिला गिअर २.८० चा आणि ट्रान्सफर केसचा लो २.४६ चा. आत्ता लो-फर्स्टमध्ये एकूण ३७ पट मिळतं, ४.२७ वर २९ पट. दगडधोंड्यांची वाट असेल तर हा फरक पायाला कळतो. पेट्रोल इंजिन ठेवून ४.२७ करू नका. घाटात सारखे गिअर पाडावे लागतील आणि अ‍ॅव्हरेज उलट घसरेल. ४.८८ ही त्यासाठी शेवटची मर्यादा.

दुसरा मार्ग पाच गिअरचा बॉक्स. पाचवा ०.८० चा असेल तर ५.३८ हायवेपुरता ४.३० होतो आणि पहिल्या गिअरची ताकद जागेवर राहते. मला हाच पटतो. फक्त बॉक्स लांब असतो, त्यामुळे मागचा शाफ्ट आखूड करून बॅलन्स करावा लागतो. शॉर्ट चेसिसवर तो आधीच आखूड, कोन वाढतो. मोजल्याशिवाय बॉक्स विकत घेऊ नका.

आणि ब्रेक. जड इंजिन आणि ८० ची चाल ९ इंची ड्रमवर करू नका, ११ इंची सेट आधी.

टॅपेट_कव्हर
ई२० चं राहिलं होतं.

दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला रबराचा. जुने पाइप, पंपाचे डायफ्रॅम, कार्बचा अ‍ॅक्सिलरेटर पंप इथेनॉलमध्ये फुगतात, मग तडकतात. पाइप इथेनॉल चालणाऱ्या ग्रेडचे घ्या आणि डायफ्रॅमचा किट मागताना दुकानदाराला स्पष्ट विचारा. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कार्बचा बाऊल रिकामा करून ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात टाकीच्या तळाशी पाणी साठून जेटमध्ये पांढरी पूड बसते.

दुसरा मिश्रणाचा. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७, ई२० ला साधारण १३.५. त्याच जेटवर मिश्रण ८ टक्क्यांच्या आसपास पातळ होतं. लक्षणं: थंडीत अडखळणं, चढावर खिटखिट, सायलेन्सरमध्ये फटाके, प्लग पांढरेफटक. बदली कार्ब असेल आणि मेन जेट १२० चा असेल तर १२५ लावून पाहा, क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं. मूळ कार्टर वायएफ असेल तर जेटपेक्षा मीटरिंग रॉडची उंची महत्त्वाची. प्लगचा रंग फिकट चॉकलेटी येईपर्यंत थोडं-थोडं करा, एका दिवसात दोन बदल करू नका.

आणि मन तयार ठेवा: ई२० मध्ये उष्णताच ६-७ टक्के कमी. माझं वरचं ९ हे त्यामुळे ८.५ धरा.

भोरची_धूळ
मोठी मदत झाली. आज चाकं उचलून पाहिली: मागचं डावं धरतंय. थर्मोस्टॅटची जागा रिकामी. डिपस्टिकला वास नाही.

आता खर्चाचं आणि कागदाचं सांगा. आणि लॉकिंग हबने किती फरक पडतो?

हौसिंग४४
हब: आत्ता टू व्हील ड्राइव्हमध्येही पुढचा शाफ्ट, डिफ, अ‍ॅक्सल फुकट फिरतात. हब सोडले की ते थांबतात. अ‍ॅव्हरेजमध्ये फरक थोडा, लिटरमागे काहीशे मीटर. स्टिअरिंग मात्र हलकं होतं. घेण्याआधी अ‍ॅक्सलचे स्प्लाइन मोजा, तुमच्याकडे बहुधा १० निघतील. महिन्यातून एकदा हब लावून १०-१५ किमी चालवा, नाहीतर आतली बेअरिंगं कोरडी पडतात.

खर्च: पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ धरू. २५०० किमीला आत्ता ६.५ ने ३८५ लिटर, म्हणजे ४०,००० रुपये. दुरुस्त करून ८.५ ने २९४ लिटर, ३०,६००. डिझेल १२ ने २०८ लिटर, १९,०००. म्हणजे दुरुस्त पेट्रोलपेक्षा डिझेल वर्षाला ११-१२ हजार वाचवतं. इंजिन, बॉक्स, माउंटिंग, रेडिएटर, मोठी बॅटरी, ब्रेक मिळून दीड लाखच धरा, तरी फिटायला तेरा वर्षं. वर्षाला १२,००० किमी पळत असती तर उत्तर वेगळं असतं.

कागद: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंजिन आणि इंधन बदलायला आरटीओची परवानगी आधी लागते. मग नवा इंजिन नंबर आरसीवर आणि विम्यावर. भंगारातून आणलेल्या इंजिनाचं बिल आणि मूळ गाडीचे कागद नसतील तर तिथेच अडेल. ‘आधी बसवू, मग बघू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

शिवाय तुमची जीप १९७२ ची, म्हणजे पन्नाशी ओलांडलेली. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, पण चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. डीआय टाकलंत की तो दरवाजा बंद. उलट व्हिंटेज नोंद केलीत तर रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढंच. मुळशी-कोल्हापूर करायचं असेल तर साधी नोंदच ठेवा. हरिकेन मात्र विकू नका.

डीआय_प्रेमी
२५०० किमीला माझाही हट्ट नाही. पुढेमागे डिझेल केलंतच तर एक लक्षात ठेवा: पेट्रोलच्या टाकीला रिटर्न लाइन नसते, ती काढावी लागते. वेल्डिंगला टाकी देताना ‘रिकामी आहे’ एवढ्यावर भागत नाही, रिकाम्या टाकीतली वाफच पेटते. साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवा आणि वेल्डिंगच्या वेळी छिद्रापर्यंत पाण्याने भरून ठेवा. किंवा वेल्डिंग टाळून फ्लोटच्या गोल प्लेटवरच निपल बसवून घ्या, प्लेट बाहेर काढून करता येतं.

टॅपेट_कव्हर
मागचं डावं चाक: ब्लीड निपल सैल करा. दाब सुटून चाक मोकळं झालं तर होजपाइप आतून सुजलाय किंवा पुशरॉडला खेळ नाही. तरीही घट्टच राहिलं तर व्हील सिलिंडर किंवा शूची स्प्रिंग. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा घ्या, स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे.