ब्राउझरमध्ये चालतंय पण जावा क्लायंट हँडशेकलाच (सुरक्षित जोडणी ठरवतानाच) मरतो, हाताने कसं तपासू?

नवखा_बॅकएंड: मंडळी, आमची एक एपीआय आहे, पुढे एनजिनेक्स वेब सर्व्हर. लॅपटॉपवर क्रोममध्ये मस्त उघडते, पण जावा क्लायंट ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ (सर्टिफिकेटची साखळी विश्वासू रूटपर्यंत जुळली नाही) म्हणून ओरडतो. ‘ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट’ करून पोर्ट ४४३ वर गेलो तर ‘कनेक्टेड’ आलं, खाली सायफर वगैरे पण सगळं दिसलं, म्हणजे टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) ठीकच आहे ना? मग जावाला काय धाड भरलीये? एकाने ट्रस्ट-ऑल (कुठलंही सर्टिफिकेट चालवून घेणारा कोड) टाकून मोकळा हो म्हणून सांगितलंय.

टर्मिनलवाला: ट्रस्ट-ऑल अजिबात नको राव. ‘कनेक्टेड’ म्हणजे नुसतं टीसीपी जुळलं, आणि एस_क्लायंट हे तपासायचं हत्यार असल्यामुळे सर्टिफिकेट पटलं नाही तरी ते बोंब मारतं आणि हँडशेक पुढे नेतंच. आउटपुटमध्ये ‘व्हेरिफाय रिटर्न कोड’ बघ, पैज लावतो २१ (सर्ट पडताळता आलं नाही) असेल, शून्य म्हणजे ठीक. आता ‘-शोसर्ट्स’ लावून परत चालव, चेनमध्ये शून्य नंबरचं एकच सर्ट दिसलं तर सर्व्हर इंटरमिजिएट (तुझ्या सर्टला विश्वासू रूट सर्टशी जोडणारं मधलं सर्ट) पाठवतच नाहीये. डेस्कटॉपचा क्रोम सर्टमधल्या एआयए लिंकवरून (वरचं सर्ट कुठे मिळेल तो पत्ता) ते स्वतः आणून घेतो, जावा बाय डिफॉल्ट आणत नाही, म्हणून तुला ब्राउझरमध्ये सगळं आलबेल वाटतंय. आणि ‘-व्हेरिफाय_रिटर्न_एरर’ लाव म्हणजे चूक दिसली की तिथेच थांबेल, शिवाय ‘-व्हेरिफाय_होस्टनेम’ पण द्यायचं, नाहीतर नाव जुळतं का ते एस_क्लायंट बघतच नाही, भलत्याच डोमेनचं सर्ट असलं तरी कोड शून्य!

नवखा_बॅकएंड: २१ च आहे 😅 आणि चेनमध्ये एकच. लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट सर्ट देणारी संस्था) आहे, कॉन्फिगमध्ये ‘सर्ट.पेम’ दिलंय.

टर्मिनलवाला: झालं तर मग, तिथे ‘फुलचेन.पेम’ (सर्ट आणि इंटरमिजिएट एकत्र) दे, एनजिनेक्स रीलोड कर.

पॅकेट_काकू: फक्त क्लायंट तपासायचा असेल तर खरा सर्व्हर लागतही नाही, ओपनएसएसएलचाच टेस्ट सर्व्हर ‘एस_सर्व्हर’ उभा करा, पोर्ट न सांगता ४४३३ वर ऐकतो. पण त्यासाठी प्रॉडक्शनची प्रायव्हेट की लॅपटॉपवर आणू नका हं, टेस्टचा रूट, इंटरमिजिएट आणि सर्ट बनवा, रूट कीटूलने (जावाचं सर्ट हाताळायचं टूल) जावाच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासू सर्टच्या यादीत) घाला. आधी नुसतं ‘-सर्ट’ देऊन जावा पडतो का बघा, मग ‘-सर्ट_चेन’मध्ये इंटरमिजिएट देऊन बघा. क्लायंट सर्ट मागायचं असेल तर कॅपिटल व्ही वालं ‘-व्हेरिफाय’, स्मॉल व्ही असेल तर सर्व्हर मागतो पण नाही दिलं तरी चालवून घेतो. त्यात टीएलएस १.३ असेल तर क्लायंटला हँडशेक झाल्यासारखा दिसतो आणि सर्व्हरचा नकार पहिल्या रीडला येतो, तेव्हा तिथे फसू नका.

मेलवाला_पोस्टफिक्स: जाता जाता, एस_क्लायंटच्या ‘-स्टार्टटीएलएस एसएमटीपी’ने मेलचा पोर्ट ५८७ तपासताना कॅपिटलमध्ये ‘आरसीपीटी टू’ (मेल कोणाला ते सांगणारी आज्ञा) टाइप केलं की ती ओळ सर्व्हरला जातच नाही, कारण ओळीच्या सुरुवातीचा कॅपिटल आर एस_क्लायंटला रीनिगोशिएशनची (पुन्हा हँडशेक करायची) आज्ञा वाटतो, आणि कॅपिटल क्यूने तर कनेक्शनच बंद. स्मॉलमध्ये लिहा नाहीतर ‘-क्वाएट’ लावा.

नवखा_बॅकएंड: फुलचेन लावलं, कोड शून्य आला, जावा पण गप्प बसला. एस_सर्व्हर उद्या लावून बघतो, त्या ट्रस्ट-ऑलवाल्याला हाच धागा पाठवतोय 🙏