अनुभव धागा: गणित-विज्ञानाची शिक्षक प्रशिक्षणं, वर्गापर्यंत नक्की काय पोचलं?

खडूमाखला

परवा पुन्हा एकदा केंद्रप्रमुखांचा (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) मेसेज आला, गणित विज्ञानवाल्यांनी अमुक तारखेला गटसाधन केंद्रात (तालुक्याच्या प्रशिक्षणाच्या जागी) हजर राहावे, सोबत वही पेन पाण्याची बाटली आणावी. स्टाफरूममध्ये पहिली प्रतिक्रिया ठरलेलीच, "जेवण आहे का?" मग मनात आलं की सतरा वर्षांत मी किती प्रशिक्षणं केली असतील, दहा दिवसांची, पाच दिवसांची, ऑनलाइन, आणि त्यातली आठवतात किती? खरं सांगायचं तर तीन. म्हणून हा धागा. पहिली ते आठवी गणित किंवा विज्ञान शिकवणाऱ्यांनी (आणि प्रशिक्षण देणाऱ्यांनीही) लिहा. शिव्या घातल्या तरी चालतील, फक्त शाळेचं, साहेबाचं नाव नको.

सुरुवात मीच करतो. आम्ही चाळीसेक जण होतो, सगळे सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणारे. सुलभक (म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्या) मॅडमनी प्रत्येकाला टॉर्चचा एक बल्ब, एक पेन्सिल सेल आणि एकच वायर दिली आणि म्हणाल्या पेटवा. होल्डर नाही, दुसरी वायर नाही. सगळे हसले, हे काय पोरांचं काम. दहा मिनिटं झाली तरी हॉलमध्ये फक्त दोघांचे पेटले होते. माझ्या शेजारचे सर, रिटायरमेंटला वर्ष राहिलेलं, ठामपणे म्हणाले, "बल्ब गेलाय." मॅडमनी त्यांच्याच हातातला बल्ब घेऊन पेटवून दाखवला. भानगड अशी की आम्ही सगळे वायर बल्बच्या बुडाला लावत होतो आणि दुसरं टोक सेलला, म्हणजे वीज नळाच्या पाण्यासारखी येणार आणि बल्बात पडणार असंच डोक्यात. बल्बला दोन जागा असतात, एक बुडाचा ठिपका आणि दुसरी बाजूचं धातूचं आवरण, आणि फिलामेंटचं एक टोक इथे नि एक तिथे असतं, हे मी बारा वर्षं फळ्यावर बंद परिपथ काढूनही कधी नीट बघितलंच नव्हतं. आकृतीत होल्डर असतो ना, सगळं झाकून जातं.

दुसऱ्या दिवशी वर्गात तेच केलं. एका मुलीनं चार मिनिटांत पेटवला. मला विचाराल तर तो एक तास बाकीच्या पाच दिवसांएवढा होता.

दशक_सुटे

मी पहिली दुसरीला आहे. आम्हाला एका सरांनी सांगितलं, आज आपण अंक विसरायचे, शून्य ते चारच्या जागी अ ब क ड इ, त्याच्या पुढे अंकच नाहीत. म्हणजे इ नंतर काय? कोणी म्हणे ई, कोणी म्हणे फ. तर नाही, इ नंतर बअ. मग बब, बक, बड, बइ, कअ. इथपर्यंत ठीक होतं, मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, कड अधिक बइ किती, आणि हॉलमध्ये शांतता. वीस वर्षं हातच्याची बेरीज शिकवणाऱ्या बाया पदराखाली बोटं मोजत होत्या, मी पण. उत्तर इक. ड आणि इ मिळून बक, क खाली, ब हातचा. माझं दोनदा चुकलं आणि सर म्हणाले, "बाई, लक्ष नव्हतं का?" अगदी आपण पोरांना म्हणतो त्याच सुरात. मला खरंच रडू यायचं बाकी होतं. चहाच्या वेळी त्यांनी येऊन सांगितलं की मुद्दाम म्हणालो.

त्यानंतर मला सव्वीस आणि बासष्टचा घोळ कळला. मूल सव्वीस ऐकतं, आधी सहासारखं काहीतरी ऐकू येतं मग वीस, ते आधी 6 लिहितं मग 2. ते ऐकल्याप्रमाणेच लिहितंय हो! 2019 ला दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला वीस एक, वीस दोन असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, गणिताच्या पुस्तक समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाईंना काय काय ऐकावं लागलं. मी पण तेव्हा ग्रुपवर जोक फॉरवर्ड केले होते. आता वर्गात दोन्ही म्हणून घेते, आधी वीस सहा मग सव्वीस. आणि एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास तर विचारूच नका, तिथे संख्येत नसलेल्याच दशकाचं नाव कानावर पडतं.

पोळीभाजीडबा

ऑनलाइनवालं लिहू का? 2020 मध्ये निष्ठा (केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण) दीक्षा अ‍ॅपवर आलं. फोन ओट्यावर, व्हिडिओ चालू, मी पोळ्या लाटतेय. शेवटची प्रश्नावली आमच्या ग्रुपवर उत्तरांसकट आली होती. प्रमाणपत्रं सगळी फाईलला आहेत. एवढंच.

सुलभक_बिचारा

जरा आमची बाजू पण ऐका. मी विषय सहाय्यक होतो सहा वर्षं. धबधबा पद्धत म्हणतात तिला. राज्यस्तरावर पाच दिवस, तिथे उत्तम माणसं येतात, साहित्य असतं, वाद घालता येतात. मग जिल्ह्याला तीन दिवस, तालुक्याला दोन, आणि केंद्रावर पोचेपर्यंत पीपीटी आणि चहा. मी स्वतः जे पाच दिवस हाताने केलं ते मला तालुक्यात सव्वाशे लोकांना एका मंगल कार्यालयात माईकवरून "सांगायचं" होतं, माईक पण लग्नाचा, घूं घूं करणारा. साहित्याचा निधी आला तो प्रशिक्षण संपल्यावर. दुपारी जेवणात मसालेभात आणि जिलेबी, त्यानंतर अडीच ते चार मी अपूर्णांकांचा भागाकार घेतलाय, देव साक्षी आहे.

पण एक गोष्ट जमली होती ती सांगतो. एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) मी पीपीटी सोडूनच दिली आणि शिक्षकांना आदल्या आठवड्यात सांगितलं की मुलांच्या वह्यांतली चुकलेली गणितं घेऊन या, बरोबर आलेली नको. चाळीस पन्नास वह्या आल्या. 62 वजा 28 बरोबर 46, हे सात वेगवेगळ्या शाळांतल्या मुलांनी केलेलं. आधी सगळे म्हणाले निष्काळजीपणा. मग एक तरुण गुरुजी म्हणाले, अहो प्रत्येक ठिकाणी मोठ्यातून लहान वजा केलंय, 8 मधून 2 आणि 6 मधून 2, हा तर नियमच आहे त्यांचा. आणि तो नियम दिला कोणी? आपणच, "नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं" असं पहिलीत सांगून. पाचवीच्या वह्यांत 0.25 हे 0.3 पेक्षा मोठं, कारण 25 हे 3 पेक्षा मोठे. दोन तास कोणी मोबाईल काढला नाही. खर्च शून्य. अहवालात मात्र मला "पीपीटीद्वारे मार्गदर्शन केले" असंच लिहावं लागलं, रकानाच तसा होता.

नर्मदेकाठची

मी शिक्षिका नाही पण वडील होते, मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात (आताचं नर्मदापुरम), आमचं घर मराठी. तिथे होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम होता, 1972 ला सोळा उच्च प्राथमिक (सहावी ते आठवीच्या) शाळांत सुरू झाला, 1978 ला सगळ्या जिल्ह्यात गेला, पुढे एकलव्य संस्थेनं सांभाळला आणि 2002 मध्ये सरकारनं बंद केला. बाबा उन्हाळ्यात तीन तीन आठवडे प्रशिक्षणाला जायचे आणि आई चिडायची की सुट्टीत माहेरी कधी जायचं. तिथे शिकवायला कॉलेजचे, विद्यापीठाचे मोठमोठे लोक यायचे पण व्याख्यान नाही, शिक्षकांनी टोळ्या करून मुलांसारखे सगळे प्रयोग स्वतः करायचे. मग वर्षभर मासिक बैठका असायच्या, त्यात अडलेलं बोलायचं. मुलांच्या परीक्षेला पुस्तक वही उघडी ठेवायला परवानगी होती आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा व्हायची. मुलं सवालीराम नावाच्या माणसाला प्रश्न विचारणारी पत्रं लिहायची आणि उत्तरं यायची! सवालीराम म्हणून कोणी माणूस नव्हताच हे मला फार उशिरा कळलं, जाम वाईट वाटलं होतं.

बाबा घरी परत आले की पिशवीतून काय काय निघायचं. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून केलेले आकार मला आठवतात. विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचं हे काम, ते टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) वर्षभराची रजा काढून 1978 मध्ये तिकडे आले होते.

दशक_सुटे

@नर्मदेकाठची, अगं मी ते पुण्यात आयुकाच्या (खगोलशास्त्राची संस्था) मुक्तांगण विज्ञान शोधिकेत केलंय! तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच तिरका होतो. मग चौकोनाला कर्णाची काडी लावली की गप्प बसतो. तेव्हापासून घराच्या पत्र्याखालची कैची आणि विजेचा मनोरा बघितला की त्रिकोण मोजते.

मेणबत्तीवाले गुरुजी

कबुलीजबाब. मी चौदा वर्षं मुलांना सांगितलं की ताटलीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वर ग्लास उपडा घातला की ऑक्सिजन जळून जातो आणि त्याची जागा घ्यायला पाणी वर चढतं, बघा एक पंचमांश चढलं. एका प्रशिक्षणात सुलभकांनी हाच प्रयोग एका मेणबत्तीवर केला, मग दोन, मग तीन, ग्लास तोच. तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त चढलं. आता हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच, मग जास्त का? आणि दुसरं म्हणजे मेणबत्ती जळताना पाणी फारसं हलत नाही, विझल्यावर सर्रकन चढतं. हे मी चौदा वर्षं डोळ्यांनी बघत होतो पण बघत नव्हतो. ज्योतीनं हवा तापून फुगते, थोडी ग्लासाच्या काठाखालून बुडबुड करत बाहेर जाते, विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवतही नाही, त्याआधीच विझते.

मी घरी आलो आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, पोरांनो मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. एकाचं उत्तर आलं, सर तुम्ही तो प्रयोग केला होता का, मला फक्त ग्लास फुटलेला आठवतोय.

जर्सीतली_मास्तरीण

न्यू जर्सीत सहावीला गणित शिकवते, मूळची कोल्हापूरची. इथेही दरवर्षी 20 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे आणि इथेही मागच्या रांगेत बसून पेपर तपासतात, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. एकच प्रकार मनापासून आवडला, जपानकडून आलेला पाठ-अभ्यास. चार-पाच शिक्षक मिळून एकच तास आखायचा, एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी वर्गात उभं राहून शिक्षकाकडे नाही तर मुलांच्या वह्यांकडे बघायचं. माझा तास बघायला पाच जण उभे होते, छाती धडधडत होती, पण नंतर एकही वाक्य माझ्याबद्दल नव्हतं, सगळं "त्या खिडकीजवळच्या मुलानं दोनदा खोडलं" असं. भारतात आपल्याकडे शाळा भेट म्हणजे कागदपत्रांची तपासणी, त्यामुळे हे ऐकायला विचित्र वाटेल.

वाडीवरची_शाळा

सगळं छान आहे हो पण आमची द्विशिक्षकी शाळा आहे, पहिली ते चौथी. मी प्रशिक्षणाला गेले की दुसरे सर चारी वर्ग, खिचडी आणि ऑनलाइन माहिती एकटे बघतात. दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं तर? झालंय, दोनदा. एसटी सकाळी सातची, परतीची साडेपाचची, प्रवासभत्ता कधी मिळतो कधी "पुढच्या टप्प्यात" मिळतो. नवीन शैक्षणिक धोरणात वर्षाला 50 तास म्हटलंय. तासांना ना नाही. पण ज्या दिवशी मी दशकदांडे कसे वापरायचे ते शिकत होते त्या दिवशी माझ्या वर्गात ते दांडे घेऊन बसायला माणूस नव्हता, आणि परत गेल्यावर कोणी एकदाही विचारलं नाही की वापरले का, फक्त फोटो मागितला. बॅनरसकट.

शेतकरी_मास्तर

बाईंचं खरं आहे. मी एक चांगलं लिहितो, तेही आमच्याच केंद्रातलं, वरून काही आलेलं नव्हतं. परिमिती आणि क्षेत्रफळ हा विषय होता. एका गुरुजींनी सुतळी आणि चुना आणला आणि म्हणाले मैदानावर एक गुंठा आखा. आमच्यातले निम्मे शेतकरी, रोज गुंठा गुंठा करतो, पण किती मोठा असतो ते अंदाजानं उभं राहून दाखवा म्हटल्यावर कोणी खोलीएवढा दाखवला, कोणी निम्मं मैदान. 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट, असे 40 म्हणजे एकर. आखला. आता तीच 132 फूट सुतळी, पण 44 बाय 22 धरा. 968. आता 60 बाय 6. 360! सुतळी तीच, जमीन तिसरा हिस्सा. एक सर एकदम म्हणाले, "म्हणजे आमच्या भावकीत वाटणी केली तेव्हा कुंपण सारखं आलं म्हणून मी गप्प बसलो होतो." सगळे हसले, ते हसले नाहीत. मी हा पाठ सहावीला दरवर्षी मैदानावरच घेतो आणि पालकही कुंपणापाशी येऊन उभे राहतात, विशेषतः जावजावांचं जमत नसेल तर.

पोळीभाजीडबा

वाचून आता मलाच ऑनलाइनची लाज वाटायला लागली. @खडूमाखला, तो एका वायरचा प्रयोग करायचाय पण टॉर्चचा बल्बच मिळत नाहीये, तीन दुकानं फिरले, सगळीकडे एलईडी.

खडूमाखला

एलईडी एका सेलवर बहुतेक पेटणारच नाही, दीड व्होल्ट पुरत नाही, आणि पायही उलटसुलट करून चालत नाहीत. सायकलच्या जुन्या दुकानात विचारा, डायनॅमोचे बल्ब पडलेले असतात. ते 6 व्होल्टचे, त्यामुळे चार सेल एकाला एक लावून कागदाच्या नळीत घट्ट गुंडाळा. आणि मुलांना द्यायच्या आधी घरी एकदा स्वतः पेटवून बघा, मी सांगतोय म्हणून विश्वास ठेवू नका.

पोळीभाजीडबा

मिळाले, चार रुपयाला एक. लेकीनं आधी पेटवला.