शब्दचर्चा: ‘कपटाच्या वासना’ म्हणजे नेमकं काय?

भायखळेकर:
सर्वांना सलाम. येत्या रविवारी आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) शास्त्रवाचन माझ्याकडे आहे. भाग बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय, वचनं १७ ते २४. बाविसाव्या वचनात पत्र लिहिणारा पौल ‘जुना मनुष्य’ टाकून द्यायला सांगतो, आणि त्या जुन्या मनुष्याचं वर्णन करताना ‘कपटाच्या वासना’ असे दोन शब्द येतात. अडचण दुसऱ्या शब्दाची आहे. गेल्या खेपेला एका आजींनी हाच भाग वाचला. ‘वासना’ म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरची कॉलेजची पोरं खुदकन हसली, आजी गडबडल्या, ओळ चुकली.

पोरांना मी दोष देत नाही. त्यांनी हा शब्द पेपरात ‘वासनांध’च्या रूपातच पाहिलाय. पण त्यामुळे ते वचन ‘तसल्या’ भानगडींपुरतं उरतं. साठीचा माणूस बाकावर बसल्या बसल्या म्हणतो, चला, हे काही आपल्यासाठी नाही. आणि घरी जाऊन भावाशी खोलीच्या वाटणीवरून भांडतो.

वाचताना शब्द बदलावा का? ‘फसव्या इच्छा’ चालेल?

शब्दपिसा:
बदलू नका, आधी शब्दाची बाजू ऐका. वासना आजच्याइतकी बदनाम पूर्वी नव्हती. तापातून उठलेलं माणूस म्हणायचं, ‘अन्नावर वासनाच नाही.’ म्हणजे भूक नाही, रुची नाही. आमच्या घरात अजूनही म्हणतात. पिंडाला कावळा शिवेना, की जमलेले कुजबुजतात, ‘कशात तरी वासना राहिली.’ ही वासना कसली असते? धाकटीचं लग्न व्हायचंय, नातवाचं तोंड बघायचंय, असली. बाणगंगेवर मी स्वतः पाहिलंय. अर्धा तास कावळा फिरकेना, शेवटी थोरल्याने हात जोडून ‘मी आईला सांभाळीन’ म्हटलं. पाच मिनिटांनी कावळा आला. योगायोग म्हणा, मला शब्दाशी मतलब.

मूळ संस्कृतात तर अर्थ आणखी वेगळा. ‘वास्’ म्हणजे सुगंधित करणे. कपड्यांच्या घडीत फुलं ठेवली, नंतर काढून घेतली, तरी कपड्याला वास राहतो. केल्या-भोगल्याचा मनावर तसा राहिलेला ठसा ती वासना. मराठीतले ‘वास’ आणि ‘वासना’ एकाच घरचे.

भायखळेकर:
वास! हे डोक्यात आलंच नव्हतं. माझ्याकडे एक प्लास्टिकचा डबा आहे. त्यात एकदा, फक्त एकदा, सुक्या बोंबलाची चटणी नेली होती. लिंबू झालं, बेसन झालं, गच्चीवर दोन दिवस ऊन दाखवून झालं. झाकण उघडलं की बोंबील. धुतलेला, कोरडा, रिकामा डबा, आणि बोंबील. जुना मनुष्य म्हणजे हाच की काय!

अर्धा पाळक:
सेमिनरी (धर्मगुरूंची शाळा) दोन वर्षांत सोडली, म्हणून हे नाव. ग्रीक मात्र थोडं उरलंय. (उरलेला वास म्हणा हवं तर.)

पौलाने पत्र ग्रीकमध्ये लिहिलं; ‘वासना’च्या जागी तिथे ‘एपिथुमिया’ आहे. अर्थ ओढ, तीव्र इच्छा. आता गंमत पाहा. लूकच्या बाविसाव्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या वेळी, येशू शिष्यांना सांगतो की हे वल्हांडणाचं (त्या यहुदी सणाचं) भोजन तुमच्याबरोबर करावं अशी मला फार उत्कंठा होती. तिथे हाच शब्द आहे, आणि जोर द्यायला नाम आणि क्रियापद दोन्ही एकाच मुळाची आलीत. पौल फिलिप्पैकरांना लिहितो की इथून सुटून ख्रिस्ताजवळ असावं अशी मला इच्छा आहे. तिथेही एपिथुमिया. तेव्हा हा शब्द जात्या वाईट नाही.

सगळं विष पहिल्या शब्दात आहे. ‘कपटाच्या’ म्हणजे ‘आपाते’च्या. आपाते म्हणजे ठकवणूक. पौलाचा रोख इच्छेवर नसून इच्छा जे खोटं सांगते त्यावर आहे. भायखळेकरकाका, तुम्ही चुकीच्या शब्दावर अडलात, राग मानू नका.

भायखळेकर:
राग कसला. पण मग ‘आपाते’ दुसरीकडे कुठे आलाय?

अर्धा पाळक:
येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात (गोष्टीत), मार्क ४:१९. काट्यांत पडलेलं बी; बी म्हणजे देवाचं वचन. तिथे मराठीत ‘द्रव्याचा मोह’ आहे तो म्हणजे आपाते, आणि त्याच वचनात ‘इतर गोष्टींचा लोभ’ आहे तो म्हणजे एपिथुमिया. म्हणजे तेच दोन शब्द इफिसमध्ये कपट आणि वासना झाले, मार्कमध्ये मोह आणि लोभ. अनुवादकांवर चिडू नका, प्रत्येक ठिकाणी शब्दाला शेजार वेगळा असतो.

निवांत दादर:
मी ख्रिस्ती नाही, पण ‘मोह’ आला म्हणून राहवत नाही. षड्रिपूंमधला मोह म्हणजे टेम्प्टेशन नव्हे. तो भ्रम. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली साखळी आठवा: विषयांचं चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतीची वाट लागते आणि शेवटी बुद्धीची. मोह म्हणजे दिसतंय एक आणि आहे भलतंच, ही अवस्था. म्हणजे ज्याने ‘ठकवणूक’साठी ‘द्रव्याचा मोह’ लिहिलं त्याने अगदी नेमका शब्द उचलला. घसरलो आपण. आता ‘डाएटवर होतो, पण वडापावचा मोह आवरला नाही’ इतकाच मोह उरलाय. मोह आता गोंडस झालाय आणि वासना घाणेरडी. दोन्ही शब्द मूळ जागेवरून उठून भलत्याच डब्यात जाऊन बसलेत.

वसईकरीण:
सकाळच्या लोकलमध्ये वाचतेय, उभी आहे, चुका पोटात घाला. मोहावरून एक. आम्ही कॅथलिक प्रभूच्या प्रार्थनेत ‘मोहात पडू देऊ नकोस’ म्हणतो. माझी ऑफिसातली मैत्रीण प्रोटेस्टंट, ती म्हणते ‘परीक्षेत आणू नको’. एकदा जेवणाच्या सुट्टीत यावरून आमचं छान भांडण झालं. तिचं म्हणणं, परीक्षा देव घेतो. माझं म्हणणं, मोह आपला आपण ओढवून घेतो. बरोबर कोण?

अर्धा पाळक:
दोघी. मूळ शब्द ‘पैरास्मोस’, त्यात कसोटीही आहे आणि मोहही. मराठीला एक निवडावा लागतो. मात्र याकोबाच्या पत्रात, पहिल्याच अध्यायात, पारडं तुमच्या बाजूला झुकतं: देव कोणाला मोहात घालत नाही, माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो आणि भुलवला जातो. ‘भुलवला जातो’साठी जे क्रियापद आहे ते आमिषावरून आलेलं. गळाला लावतात ते आमिष. माशाला भूक लागली हा माशाचा दोष नाही, पण त्याला दिसतो तो नुसता घास, आतला आकडा दिसत नाही.

भायखळेकर:
आमिषावरून आता मीच बोलायला हवं.

दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही भायखळ्याची खोली सोडून लांब, खाडीपलीकडे, टॉवरमध्ये फ्लॅट बुक केला. बिल्डरचं नाव घेत नाही. सॅम्पल फ्लॅट दाखवला होता. काय तो उजेड! मुलांच्या खोलीत पलंग, टेबल, कपाट, आणि तरी मध्ये नाचायला जागा. मिसेस म्हणाली, जरा आडवे होऊन बघा, गादी कशी आहे. मी बसणार तोच सेल्सवाला पोरगा धावला, ‘सर, डिस्प्ले आहे, बसू नका.’ पुढे ताबा मिळाल्यावर आमचा घरचा पलंग त्या खोलीत शिरेना, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिथला पलंग सव्वापाच फुटी असावा. खोल्यांना दारं नव्हती, म्हणजे दार उघडायला लागते ती जागा नव्हती. एक अख्खी भिंत आरशाची होती.

ताबा ठरल्यापेक्षा चार वर्षं उशिरा मिळाला. हप्ता आणि भाडं दोन्ही भरायला मी रविवारच्या ड्यूट्या घेत गेलो. उपासनेला जाणं सुटलं, आणि सुटलं तेही मला नीटसं कळलं नाही. आधी ‘या महिन्यापुरतं’, मग ‘ताबा मिळेपर्यंत’. घराची इच्छा खोटी नव्हती हो. चार माणसं दहा बाय बाराच्या खोलीत झोपत होती. पण त्या आरशाच्या भिंतीने मला जे सांगितलं, की इथे आलास की तू सुखी, ते कपट. बिल्डरने फूटभर फसवलं, बाकीचं मी माझं मला.

वसईकरीण:
काका, वाईट वाटलं वाचून. पण घराची इच्छा धरणाऱ्याला लगेच पापी ठरवू नका हं कोणी. सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत या. मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं, आणि मेणाची घरं. कौलारू, छोटीशी, दोन खिडक्यांची. टॉवरमध्ये जागा मागणारेही तेच कौलारू घर वाहतात, कारण साचा तोच. माझ्या आईने आजारी असताना मेणाचा गुडघा वाहिला होता. ती काही मोहात पडली नव्हती, तिला चालायचं होतं.

शब्दपिसा:
ताईंचा मुद्दा सोळा आणे. आणि मराठीला हे ठाऊक आहे बरं का. षड्रिपूंमधला ‘लोभ’ आणि पत्राच्या शेवटी लिहितो तो ‘लोभ असावा’ यांत शब्द एकच, पण एक रिपू, दुसरा माया. एपिथुमियासारखंच.

निवांत दादर:
एक वेगळं विचारतो. तुम्ही मंडळी ‘आत्मिक वाढ’ म्हणता, आम्ही ‘आध्यात्मिक उन्नती’. मला ‘वाढ’ म्हटलं की पगारवाढ आणि पाणीपट्टीतली वाढच आठवते.

अर्धा पाळक:
हाहा. पण आमची वाढ शेतातली आहे. वर म्हटलेल्या दाखल्यातच काटे वचनाची वाढ खुंटवतात. उन्नतीला शिखर लागतं, वाढीला नुसती माती आणि वेळ.

‘आत्मिक’ आलं पवित्र आत्म्यावरून. गलतीकरांस पत्र ५:१६ मध्ये पौल म्हणतो, आत्म्याच्या प्रेरणेने चाला म्हणजे देहवासना पूर्ण करणार नाही. क्रम बघा. ‘आधी वासना मारा, मग आत्मा येईल’ असं नाही. आधी चाला. पुढे आत्म्याचं फळ येतं, आणि ग्रीकमध्ये ते ‘फळ’ एकवचनी आहे. प्रीतीपासून सुरू होऊन नऊ गुण, पण फळ एक. त्यातला नववा मराठीत ‘इंद्रियदमन’. हा अनुवाद मला आजवर पटलेला नाही. ‘दमन’ म्हटलं की लाठी डोळ्यांपुढे येते. मूळ शब्द ‘एन्क्रातैया’, स्वतःवर स्वतःचा ताबा. मी असतो तर ‘आवर’ लिहिलं असतं. घर आवरतो, केस आवरतो, रडू आवरतो, तो आवर. रोजचं काम आहे ते.

शब्दपिसा:
‘आवर’ सुरेख. पंडिता रमाबाईंना आवडला असता. त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून एकटीने सबंध बायबल मराठीत आणलं ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच, आणि जड संस्कृत शब्द त्या कटाक्षाने टाळत. त्या १९२२ साली गेल्या, बायबल १९२४ साली छापून आलं, केडगावला मुक्ती मिशनमध्ये. उलट कवी ना. वा. टिळकांनी संतांचे शब्द मुद्दाम जवळ केले. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मराठी मंडळीच्या भाषेत हे दोन्ही प्रवाह आहेत. मला विचाराल तर मी टिळकांकडचा. शब्द विटला म्हणून टाकायचा नाही, घासून पुन्हा वापरायचा. पण हे आमच्यासारख्यांचं, ज्यांना रविवारी मागच्या बाकाला तोंड द्यायचं नसतं.

भायखळेकर:
‘जुना मनुष्य टाकून द्या’ याबद्दलही सांगा ना कोणी. माझा जुना मनुष्य तर टाकला की पुढच्या स्टेशनला पुन्हा चढतो.

अर्धा पाळक:
इथे व्याकरण कामाला येतं. ‘टाकून द्या’ आणि ‘धारण करा’ ही दोन्ही क्रियापदं कपड्यांची. अंगरखा काढला, अंगरखा घातला. ग्रीकमध्ये ती एकदा केलेल्या कृतीच्या रूपात आहेत. पण त्यांच्या मधोमध, तेविसाव्या वचनात, ‘मनाने नवे होणे’ आहे आणि ते चालू रूपात आहे: नवे होत राहा, होत राहा. शिवाय कर्मणी. तुम्ही स्वतःला नवं करायचं नाही, करून घ्यायचं. आणि जुना मनुष्य ‘भ्रष्ट होत जाणारा’ आहे, तेही चालू रूप. दूध नासत जातं तसा नासतोय. म्हणजे कपडा एकदाच बदललाय, पण आत एक नासणं आणि एक नवं होणं, दोन्ही एकाच वेळी चालू. पुन्हा चढतो म्हणालात ना, तो उतरवलेल्या कपड्याचा वास असेल.

वसईकरीण:
बोरिवली आलं, मला बसायला जागा मिळाली. (हीही एपिथुमियाच, आणि फसवी नाही!) काका, मग काय ठरलं? पोरं परत हसली तर?

भायखळेकर:
हसू देत. ‘फसव्या इच्छा’ करत नाही. तसं केलं तर त्या आजींचं वाचन चुकीचं होतं असं पोरांना वाटेल, आणि ते चुकीचं नव्हतं. उपासना साडेआठला आहे. पेन्सिलीने ‘कपटाच्या’ शब्दाखाली रेघ मारून ठेवलीय, तिथे जरा थांबून जोर देणार. आणि वाचनाआधी दोन मिनिटं बोलायची मुभा असते, तर डबा सोबत नेतोय. मिसेसचं म्हणणं, देवळात बोंबलाचा वास बरा दिसत नाही. मी म्हटलं, झाकण मागच्या बाकाजवळ जाऊन उघडतो.