पहिलं बाळ, इंदूरचा डिसेंबर: बापानं स्वतःच्या हातानं करायची कामं कोणती?

सुदामानगर_बाबा

नमस्कार मंडळी. बायकोला ३७वा आठवडा लागलाय, बाळंतपण इथे इंदूरलाच आहे. सासूबाई सव्वा महिना राहायला येणार, मालिशवाली मावशीही ठरली आहे. मला सगळे एकच सांगतात: पैसे, गाडी आणि डबा तू बघ, बाळाचं बायका बघतील. मला तेवढ्यावर थांबायचं नाही. पहिल्या पंधरा दिवसांत बापानं नेमकं काय करावं, काय मोजावं, कशावर लक्ष ठेवावं? खासगी नोकरी आहे, रजा जेमतेम १० दिवस. बायकोचा रक्तगट बी निगेटिव्ह, माझा ओ पॉझिटिव्ह. जन्मदाखल्याचंही कोणी नीट सांगेल का?

नवजात_कक्ष

आधी रक्तगट, कारण त्यात वेळेची मर्यादा आहे. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असले की बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. जन्मताच नाळेतलं रक्त गट तपासायला पाठवतात. तो रिपोर्ट तुम्ही स्वतः मागून घ्या. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन मिळायला हवं. या बाळाला त्याचा उपयोग नसतो, ते पुढच्या बाळासाठी असतं: आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून. गरोदरपणात २८व्या आठवड्याला एक डोस दिला होता का, तेही फाईलमध्ये बघा. तो दिला असला तरी बाळंतपणानंतरचा लागतोच. औषध बाहेरून आणायला सांगितलं तर बर्फाच्या पिशवीतून आणा, ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. आणि बायकोला तुमचं रक्त चालणार नाही. बी निगेटिव्ह किंवा ओ निगेटिव्ह असलेले दोन ओळखीचे लोक आत्ताच शोधून ठेवा, ऐनवेळी निगेटिव्ह गट मिळणं कठीण.

पहिला तास. बाळ रडलं, श्वास ठीक आहे, तर पुसून सरळ आईच्या छातीवर आणि तासाभरात अंगावर. पहिला पिवळसर चीक टाकायचा नाही. सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवायची पद्धत आपल्याकडे आहे, ती नको. मधात बोट्युलिझमचे जिवाणू बीजरूपात असू शकतात आणि वर्षाच्या आतलं आतडं ते रोखू शकत नाही. अंगठी नुसती बाळाच्या कपाळाला लावा, आजीचं मन राहतं. गुटी आणि पाणीही सहा महिने नाही.

सिझेरियन झालं तर आई थिएटरमध्ये असताना बाळाला ऊब देणं हे तुमचं काम होऊ शकतं, डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. त्या दिवशी समोरून बटणं उघडणारा सुती शर्ट घाला, अत्तर-डिओ नको, सर्दी-खोकला असेल तर जवळ घेऊ नका. बाळाला फक्त लंगोट, टोपरं आणि मोजे. तुमच्या उघड्या छातीवर उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळलेली, नाक मोकळं, हनुवटी छातीला टेकलेली नको. वरून दुपटं. एका बैठकीला किमान तासभर. सोफ्यावर तसंच झोपी जायचं मात्र नाही, बाळ कुशीत सरकून नाक दाबलं जातं.

डिस्चार्जच्या आधी कार्डावर चार नोंदी तपासा: बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, हिपॅटायटिस बी (हा २४ तासांत) आणि व्हिटॅमिन केचं इंजेक्शन. जन्माचं वजनही लिहून घ्या, पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. पहिल्या दिवसांत वजन ७ ते १० टक्के उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं.

घरी एक वही ठेवा: पाजल्याची वेळ, शू, शी. ही वही बापानं लिहावी असं माझं ठाम मत आहे. रात्रीची झोपमोड झालेली आई तीनला पाजलं की चारला, हे लक्षात ठेवू शकत नाही. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं. शू पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त वेळा. शी आधी काळी चिकट, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी. काळी शी २४ तासांत झालीच नाही तर डॉक्टरांना सांगा. पाचव्या दिवसानंतरही शू कमी असेल तर ‘दूध कमी आहे, पावडरच्या दुधाचा डबा आणा’ असं लगेच ठरवू नका. बहुतेकदा पकड चुकलेली असते: बाळाच्या तोंडात फक्त बोंडी असते, काळा भाग नसतो. नर्सला दाखवून पकड सुधारून घ्या.

रामबागची_काकू

डिसेंबरचं बाळ म्हणून सांगते. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून घेतात. कोळशाचा वायू वास न येता जीव घेतो. धुरीही नको, बाळाच्या छातीला त्रास होतो. तेलाचा रेडिएटर लावा आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. खोली २५ ते २८ अंश असावी. बाळ गार पडलंय का, हे हाताच्या उलट्या बाजूनं बघतात: पोट आणि तळपाय दोन्ही उबदार असतील तर छान, पोट उबदार पण तळपाय गार असतील तर बाळ थंडीशी झगडतंय, छातीशी घ्या, दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा.

कपडे: २५-३० लंगोट, १० झबली, ८ दुपटी, ४ टोपरी. घरातल्या मोठ्या मुलांचे जुने कपडे वापरणं चांगलंच, मऊ असतात. पण पेटीत डांबरगोळ्यांसोबत ठेवलेले असतील तर तसेच घालू नका. काही बाळांच्या रक्तात एक विकर (एन्झाइम) कमी असतं, त्यांना त्या गोळ्यांच्या वाफेनं रक्तपेशी फुटून जोराची कावीळ होते. दोनदा धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाका. हे काम आत्ताच करा.

पहिली अंघोळ २४ तासांनंतर. नाळ पडेपर्यंत ओल्या फडक्यानं पुसणं पुरे. नाळेला तेल, हळद, राख काही नाही, कोरडी ठेवायची, लंगोट तिच्या खाली दुमडायचा. ५ ते १५ दिवसांत आपोआप पडते.

मावशीला चार गोष्टी पहिल्याच दिवशी सांगून टाका. नाका-कानात तेल नाही, डोळ्यांत काजळ नाही, डोकं-नाक दाबून ‘आकार’ देणं नाही. आणि छाती पिळायची नाही. मुलगा असो की मुलगी, आईच्या संप्रेरकांमुळे बाळाची छाती थोडी फुगते, कधी थेंबभर दूधही येतं. पिळलं की जंतुसंसर्ग होऊन गळू होतं. मुलीला पहिल्या आठवड्यात थेंबभर रक्त दिसलं तर त्याचं कारणही तेच, घाबरू नका.

हे सासूबाईंना जावयानं एकट्यानं सांगू नये, वाईट वाटतं. डिस्चार्जच्या वेळी त्यांना सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून त्यांनाच ऐकू द्या. मग त्याच मावशीवर लक्ष ठेवतील.

दाखला_खिडकी

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत, विनाशुल्क. हॉस्पिटल डिस्चार्जच्या आधी फॉर्म भरून घेतं आणि नोंद महापालिकेत जाते. हा फॉर्म घाईत, मामाकडून किंवा शेजाऱ्याकडून भरून घेऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, आधार, मतदारयादी या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, म्हणून त्यातली चूक फार दूरवर जाते.

मध्य प्रदेशात मराठी घरांची अडचण ठरलेली. फॉर्म हिंदीत, भरणारा ‘ळ’ला ‘ल’ करतो: काळेंचे काले, पळशीकरांचे पलशीकर. दुसरी अडचण बायकोच्या नावाची. लग्नात नाव बदललेलं, आधारवर माहेरचं, पॅनवर सासरचं. दाखल्यावर दोघांचीही नावं आधारवर आहेत तशीच, अक्षर न अक्षर, जायला हवीत. आधार चुकीचं असेल तर ते बाळंतपणाआधीच दुरुस्त करा. तिसरं म्हणजे मधलं नाव. बाळाच्या नावाच्या रकान्यात वडिलांचं नाव घालायचं की नाही, हे घरी एकदाच ठरवा. दोन्ही चालतं, पण शाळेत एक आणि दाखल्यावर दुसरं हे चालत नाही. कागदावर देवनागरीत आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहून खिशात ठेवा.

बारसं व्हायच्या आत फॉर्म गेला तरी हरकत नाही, नोंद नावाशिवाय होते. नाव १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येतं. २१ दिवस चुकले तर विलंब शुल्क, वर्ष उलटलं तर जिल्हाधिकारी किंवा एसडीएमचा (उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा) आदेश लागतो.

सुदामानगर_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. डांबरगोळ्यांचं तर कधी ऐकलंच नव्हतं, पेटी आजच उघडतो. शेवटचं एक: रात्री कुठल्या क्षणी थांबायचं नाही, निघायचं?

नवजात_कक्ष

काखेत डिजिटल थर्मामीटर: ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट ठीक. वर गेलं तर एक पांघरूण काढून १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. १००.४ झालं की घरात तापाचं औषध न देता थेट हॉस्पिटल. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, कारण बाळ मध्येच ५-१० सेकंद थांबतं आणि अर्ध्या मिनिटाचा हिशेब फसवतो. शांत असताना ६०च्या वर, बरगड्या आत ओढल्या जाणं, कण्हणं, ओठ-जीभ निळी, पिणं सोडणं, झटके: यातलं काहीही दिसलं तर १०८ किंवा स्वतःची गाडी, जे आधी मिळेल ते.

कावीळ दिवसाच्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली नाही. कपाळावर बोट दाबून सोडा आणि तिथे कातडी पिवळी दिसते का बघा. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, किंवा पुढे कधीही तळहात-तळपायांपर्यंत पोचला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. कोवळं ऊन हा त्यावरचा उपाय नाही, निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं. तुमच्या रक्तगटात तर हे आणखी जपून.

बाळासोबत आईकडेही बघत राहा. तासाभरात पॅड भिजणं, ताप, जोराची डोकेदुखी किंवा अंधारी म्हणजे लगेच हॉस्पिटल. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं सहसा ओसरतं. त्यापुढे टिकलं, किंवा बाळाकडे बघावंसंच वाटत नाही असं ती म्हणाली, तर डॉक्टरांना सांगा. ‘होतं असं’ म्हणून सोडू नका.

रजेचं: केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात, खासगीत तसा कायदा नाही. तुमच्या १० दिवसांपैकी ५ आत्ता घ्या. उरलेले ५ सासूबाई परत जातील त्या आठवड्यासाठी ठेवा, तेव्हा घरात तुम्ही दोघंच असाल.